थकलेल्या हृदयाला यंत्राचा आधार : कोणता, केव्हा आणि कितपत?

हृदयशस्त्रक्रियेतील नव्या संशोधनाच्या वार्ता वाचताना आपली नजर बहुधा यंत्रावर खिळते. कृत्रिम पंप, शरीराबाहेरून रक्त फिरवणारी यंत्रणा, एकाच्या छातीतून काढून दुसऱ्याच्या छातीत बसवलेले हृदय! पालमसारख्या गावी राहणाऱ्या वाचकाच्या मनात मात्र लगोलग प्रश्न येतो, की हे सारे आपल्यापर्यंत पोहोचणार कसे? प्रश्न रास्त आहे. पालमहून गंगाखेडमार्गे परभणी गाठा की लोहामार्गे नांदेड, तासाभराचा रस्ता धरूनच चालावे लागते. त्यात रात्रीची वेळ, वाहनाची शोधाशोध, आणि त्याही आधी ‘पित्त झाले असेल’, ‘वायगोळा असेल’ म्हणत सोडा पिऊन काढलेले दोन तास. गेल्या बारा-पंधरा वर्षांत या आधारयंत्रांची जी कसून परीक्षा झाली, तिचे निकाल पाहिले की एक गोष्ट ध्यानात येते : यंत्रापूर्वी हातून गेलेला वेळ यंत्राला क्वचितच परत मिळवता येतो.

हृदयविकाराच्या झटक्यात हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी धमनी गुठळीने बंद होते आणि तिच्या पुढचा स्नायू मरू लागतो. धमनी तातडीने फुग्याने उघडून स्टेंट बसवणे हा उत्तम उपाय. पण कॅथलॅब तासाभराच्या आत गाठता येत नसेल तर काय करावे, हा प्रश्न २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्ट्रीम’ या आंतरराष्ट्रीय अभ्यासाने हाती घेतला. त्यातील १,८९२ रुग्ण दुखणे सुरू झाल्यापासून तीन तासांच्या आत आलेले होते. निम्म्यांना जागेवरच गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देऊन पुढे पाठवले, उरलेल्यांची थेट अँजिओप्लास्टी केली. मृत्यू, हृदयाघातजन्य शॉक, हृदय निकामी होणे किंवा पुन्हा झटका येणे, यांपैकी काही ना काही महिनाभरात पहिल्या गटात १२.४ टक्के, तर दुसऱ्या गटात १४.३ टक्के रुग्णांच्या वाट्याला आले. म्हणजे इंजेक्शनचा मार्ग कमी प्रतीचा ठरला नाही. मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका त्यात थोडा अधिक असतो, म्हणून वृद्धांना मात्रा कमी करून देतात. शिवाय इंजेक्शन दिले म्हणजे काम संपले असे नव्हे. त्या अभ्यासात एकतृतीयांशाहून अधिक रुग्णांची अँजिओग्राफी तातडीने करावीच लागली, आणि उरलेल्यांची पुढल्या चोवीस तासांत झाली.

तेव्हा छातीत दाब, डाव्या हातात वा जबड्यात कळ, दरदरून घाम, यांपैकी काही जाणवले तर थेट १०८ क्रमांकाला दूरध्वनी करावा. स्त्रियांत आणि मधुमेही व्यक्तींत कळ नसून नुसताच दम लागणे किंवा मळमळ एवढेच लक्षण असू शकते, हेही घरातल्यांनी लक्षात ठेवावे. जवळच्या सरकारी रुग्णालयात पोहोचल्यावर ईसीजी निघाला का, इंजेक्शन देता येईल का, हे दोन प्रश्न नातेवाइकांनी निःसंकोच विचारावेत. दुखणे किती वाजता सुरू झाले आणि इंजेक्शन किती वाजता दिले, हे कागदावर लिहून सोबत न्यावे. पुढच्या रुग्णालयातील डॉक्टर प्रथम तेच विचारतील.

हा वेळ निसटला आणि स्नायूचा मोठा भाग मेला, तर हृदय शरीराला पुरेसे रक्त पोहोचवू शकत नाही. रक्तदाब कोसळतो, हातपाय गार पडतात, लघवी थांबते. हाच तो शॉक. इथे यंत्रांचा प्रांत सुरू होतो. त्यांतले सर्वांत जुने म्हणजे महाधमनीत बसवायचा फुगा. हृदय सैल पडले की तो फुगतो, आकुंचनाच्या क्षणी मिटतो. अमेरिकेतील डॉ. एड्रियन कँट्रोविट्झ यांनी १९६७ मध्ये तो रुग्णांवर वापरला आणि पुढे जगभरच्या अतिदक्षता विभागांत तो रुजला. त्याची काटेकोर कसोटी व्हायला मात्र २०१२ साल उजाडले. जर्मनीत शॉकमधील ६०० रुग्णांवर झालेल्या अभ्यासात फुगा बसवलेल्यांपैकी ३९.७ टक्के, तर न बसवलेल्यांपैकी ४१.३ टक्के महिनाभरात दगावले. हा फरक नगण्यच. चार दशके ज्यावर विसंबलो त्याचा हा निकाल स्वीकारायला वैद्यकविश्वालाही जड गेले असणार.

करोनाच्या काळात ‘एक्मो’ हे नाव घरोघरी पोहोचले. शरीरातील रक्त बाहेर काढून, त्यात प्राणवायू मिसळून परत सोडणारे हे यंत्र म्हणजे १९५३ साली फिलाडेल्फियात डॉ. जॉन गिबन यांनी यशस्वी केलेल्या हृदय-फुप्फुस यंत्राचे वंशज. गिबन यांच्या यंत्राने एका तरुणीचे हृदय व फुप्फुसे २६ मिनिटे तोलून धरली होती. एक्मो तेच काम कित्येक दिवस करू शकते. तरीही झटक्यानंतरच्या शॉकमध्ये ते सरसकट लावल्याने मृत्यू घटत नाहीत, असे २०२३ मधील ४१७ रुग्णांच्या अभ्यासात दिसले : ४७.८ टक्के विरुद्ध ४९ टक्के. रक्तस्राव आणि पायाचा रक्तपुरवठा तुटणे हे त्रास मात्र वाढले. पुढच्याच वर्षी आशेची बातमी आली. मांडीच्या धमनीतून हृदयाच्या डाव्या कप्प्यात बसवायच्या इवल्याशा पंपाने, निवडक ३५५ रुग्णांमध्ये, १८० दिवसांतील मृत्यू ५८.५ टक्क्यांवरून ४५.८ टक्क्यांवर आणले. हा लाभ मोठा आहे. पण मूत्रपिंडाच्या व रक्तस्रावाच्या गुंतागुंती इथेही वाढल्या, आणि पंप बसूनही जवळजवळ निम्मे रुग्ण गेले. एखाद्या रुग्णालयात ‘मशीन लावावे लागेल’ असे सांगण्यात आले तर कोणते, कशासाठी, किती दिवस आणि त्यानंतरची वाट कोणती, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. रुग्णालय महात्मा फुले जनआरोग्य योजनेत असेल तर तिथे आरोग्यमित्र असतो. खर्चाचा विषय निघताच, शेत गहाण टाकण्याचा विचार करण्यापूर्वी, त्याची गाठ घ्यावी.

काही हृदये झटक्याच्या दिवसांतून तरतात, पण कायमची दुबळी होतात. त्यांच्यासाठी छातीत बसवायचा दीर्घकालीन पंप असतो. त्याच्या नव्या रूपात फिरते चाक चुंबकीय शक्तीने अधांतरी राहते, त्यामुळे पंपात रक्ताच्या गुठळ्या होणे पुष्कळ कमी झाले. पाच वर्षांनी निम्म्याहून अधिक रुग्ण हयात असल्याचे आढळले आहे. गंमत म्हणजे अशा अनेक रुग्णांच्या मनगटाला नाडी लागत नाही, कारण रक्त ठोक्याठोक्याने न जाता संथ धारेसारखे वाहते. परंतु पोटातून बाहेर आलेली तार, ती जागा कोरडी ठेवण्याची रोजची निगा, रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या, नियमित तपासण्या आणि अखंड चार्ज केलेल्या बॅटऱ्या हा संसार रुग्णाबरोबर आयुष्यभर चालतो. जिथे लोडशेडिंगचे वेळापत्रक पाहून मोटार सुरू करतात, तिथे या अटीचा अर्थ समजावून सांगायला नको. किंमतही सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची आहे.

उरतो हृदय प्रत्यारोपणाचा मार्ग. त्यात महाराष्ट्राचे नाव फार लवकर नोंदले गेले. केपटाऊनमध्ये डॉ. बर्नार्ड यांनी ३ डिसेंबर १९६७ रोजी पहिले मानवी हृदय प्रत्यारोपण केले, आणि अडीच महिन्यांनी, १७ फेब्रुवारी १९६८ रोजी, मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी ते धाडस केले. जगात हे करणारे ते चौथे शल्यविशारद. सेन मोठे कल्पक होते. सापाच्या हृदयाचा स्नायू कप्प्यातूनच थेट रक्त घेतो हे पाहून त्यांनी माणसाच्या हृदयाच्या स्नायूला सुईने छिद्रे पाडून पाहण्याचा प्रयोगही केला होता. प्रत्यारोपणाचा तो रुग्ण मात्र तीनच तास जगला. तेव्हा शरीराचा नकार आवरणारी प्रभावी औषधे नव्हती, मेंदूमृत्यूला कायद्याची मान्यताही नव्हती. तो कायदा १९९४ मध्ये झाला आणि त्याच वर्षी ३ ऑगस्टला दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांना यश आले. मुंबईला यश मिळायला आणखी २१ वर्षे लागली. ३ ऑगस्ट २०१५ रोजी पुण्यातून, वाहतूक रोखून मोकळ्या केलेल्या मार्गाने आलेले हृदय मुलुंडच्या रुग्णालयात डॉ. अन्वय मुळे यांच्या पथकाने बसवले.

इथेही घड्याळ सुटत नाही. बर्फाच्या पेटीत ठेवलेले हृदय साधारण चार तासांत नव्या छातीत धडधडू लागावे लागते. आणि ते मिळते ते अपघातात वा मेंदूतील रक्तस्रावात माणूस गमावलेल्या एखाद्या घराकडून. मराठवाड्यातील अवयवदानाचे समन्वय केंद्र छत्रपती संभाजीनगर येथे आहे. अतिदक्षता विभागात कुणी मेंदूमृत झाल्याचा संशय आला, तर चार डॉक्टरांची समिती किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करते. दुसरी तपासणीही तेच सांगते तेव्हाच तो मृत्यू मानला जातो, आणि मगच समन्वयक नातेवाइकांपुढे अवयवदानाचा विषय काढतो. त्या वेळी छाती वरखाली होत असते, अंग उबदार असते. ते सारे व्हेंटिलेटरमुळे. घरातल्या सर्वांनी याविषयी आधीच कधीतरी, जेवायला बसल्यावर का होईना, बोलून ठेवले असेल तर त्या दालनाबाहेर थोरल्या मुलाला एकट्याने उत्तर द्यावे लागत नाही.