मधली किंमत पाहायची कशी?

‘अणदूरच्या खंडोबाची मूर्ती आज कोठे आहे?’ असे विचारले, तर धाराशिव जिल्ह्यातील या गावचा माणूस आधी तिथीचा विचार करील. मूर्ती एक आणि मंदिरे दोन. वर्षातील बराच काळ ती अणदूरला असते, तर काही काळ नळदुर्गच्या मैलारपूरला. नुसत्या प्रश्नाचे उत्तर बदलत राहते. पण प्रश्नाबरोबर तिथीही दिली की उत्तर पक्के होते.

गणितातील फलन असेच असते. तेच आदान दिले तर प्रदानही तेच मिळते. अशा फलनांची साखळी जोडून आज्ञावली लिहिण्याच्या पद्धतीला फलनाधारित आज्ञालेखन म्हणतात. हॅस्केल ही १९९० साली पुढे आलेली भाषा या पद्धतीची आहे. तिच्याच कुळातली गोफर ही भाषा त्या दशकात पुणे विद्यापीठात शिकवण्यासाठी वापरली गेली.

या पद्धतीत चूक शोधायची कशी? एक उदाहरण घेऊ. शाळेच्या पर्जन्यमापकातील सात दिवसांच्या नोंदी मिलिमीटरमध्ये अशा आहेत असे समजा: १२, ०, २.५, ८, १, ०, ५.५. हवामान खात्याच्या व्याख्येनुसार २.५ मिमी किंवा अधिक पाऊस झाला तर तो ‘पावसाचा दिवस’. अशा दिवसांची सरासरी आपल्याला हवी आहे. आम्ही तीन फलने जोडली: पावसाचे दिवस निवडा, बेरीज करा, दिवसांच्या संख्येने भागा. उत्तर आले ८.५.

हे उत्तर बघून कोणालाच शंका येणार नाही, आणि धोका नेमका तिथेच आहे. फळ्यावर हाताने केलेली सरासरी मात्र ७ येते. कमी पावसाच्या भागात एक-एक दिवस मोलाचा असतो. असा तक्ता भिंतीवर लागला तर मुले त्यावर विश्वास ठेवतील.

एरवी आपण मध्येच ‘छापा’ अशी आज्ञा घातली असती. पण शुद्ध फलनाचे काम फक्त किंमत परत देणे. त्यात छपाईला जागा नाही. म्हणून हॅस्केलमध्ये ‘ट्रेस’ नावाची सोय आहे. तिला एक संदेश आणि एक किंमत द्यायची. ती संदेश पडद्यावर दाखवते आणि किंमत जशीच्या तशी पुढे पाठवते. एलिक्झिर भाषेतील ‘इन्स्पेक्ट’ही असेच करते.

वर्गात हे करून पाहता येते. तीन मुलांना ओळीत उभे करा. प्रत्येक जण एक फलन. पहिल्या आणि दुसऱ्याच्या मध्ये एक ‘साक्षीदार’ ठेवा. त्याने हातात आलेली चिठ्ठी मोठ्याने वाचायची आणि न बदलता पुढे द्यायची. आमच्या साखळीत साक्षीदार वाचतो: १२, ८, ५.५. चारऐवजी तीनच दिवस! २.५ गळाला. निवड करताना ‘किंवा त्याएवढा’ हे शब्द राहिले होते. चूक बेरजेत नव्हती, भागाकारातही नव्हती.

मात्र एक सावधगिरी बाळगायला हवी. हॅस्केल आळशी भाषा आहे; किंमत लागेल तेव्हाच काढते. साक्षीदार बेरजेपाशी उभा केला आणि शेवटी फक्त दिवसांची संख्या विचारली, तर बेरीज होतच नाही आणि साक्षीदार गप्प राहतो. दोन साक्षीदार असले तर ते लिहिलेल्या क्रमानेच बोलतील असेही नाही. उलट, पूर्ण यादी वाचायला सांगितली तर एरवी न लागणारा भागही काढावा लागतो. अनंत यादी असेल तर वाचन संपतच नाही. म्हणून पहिले पाचच घटक मागावेत.

याहून सोपा उपायही आहे. फलन आदानावरच अवलंबून असल्याने ते साखळीतून सुटे काढून एकट्याने तपासता येते. निवडणाऱ्या फलनाला फक्त २.५ ही एकच नोंद द्या. रिकामी यादी परत आली की दोष सापडला.

गणिताच्या वहीत आपण नुसते उत्तर तपासत नाही, पायऱ्याही पाहतो. संगणकाकडूनही पायऱ्या मागायची सवय मुलांना लावू या.