जलसायकल व हडसन नदीची भरती

जलसायकल म्हणजे दोन पोकळ होडकुलीं, त्यांवर बैठक आणि पायडलानें पाण्यांत फिरणारा पंखा. अमेरिकेंतील जूडा शिलर यांनीं २०१३ सालीं अशा सायकलीनें हडसन नदी ओलांडली. मात्र पायांच्या बळावरच भिस्त ठेवून या रम्य नदींत विहारास उतरूं नये, असें आम्ही म्हणतों. मुखापासून ट्रॉय येथील धरणापर्यंत, सुमारें १५० मैल, तींत भरती-ओहोटी चालते. तेथील मूळ रहिवासी तिला दोहोंकडे वाहणारें पाणी म्हणत. ओहोटीबरोबर मजेंत गेलेला मनुष्य परततांना पाय मारमारून जागींच राहतो. माहितगार वाटाड्या परतीस पाणी पाठीशीं येईल अशीच वेळ साधतो; पोहणाऱ्यालाही तरंगतें जाकीट घालावयास लावतो. कोकणांतील खाडीकांठचे आमचे वाचक तर पाण्याची वेळ पाहिल्यावांचून होडीच सोडीत नाहींत.