गेल्या सात दिवसांत आपण किती चाललात?

गेल्या सात दिवसांत आपण एकूण किती मिनिटे चाललात? प्रश्न दिसतो सोपा. पण वाचकहो, क्षणभर थांबून उत्तर देऊन पाहा. काल-परवाचे आठवते, त्यापूर्वीचे आठवत नाही. मग आपण अंदाजाने म्हणतो, "रोज अर्धा तास." त्या अर्ध्या तासात कोपऱ्यावरच्या गप्पाही धरलेल्या असतात!

देशोदेशींच्या प्रौढांच्या शारीरिक श्रमांची मोजदाद बहुधा अशाच प्रश्नांवरून होते. लाखो माणसांच्या कमरेला यंत्र बांधणे परवडत नाही, कागद परवडतो. 2000 साली 12 देशांत अशा एका आंतरराष्ट्रीय प्रश्नावलीची कसोटी घेण्यात आली. त्याच माणसांना पुन्हा विचारले असता उत्तरे बरीच जुळली; गतिमापक यंत्राशी मात्र त्यांचा मेळ बेताचाच बसला. मनुष्य आपल्या समजुतीशी प्रामाणिक राहतो खरा, पण मुळात ती समजूतच कच्ची असू शकते.

जागतिक आरोग्य संघटनेची प्रश्नावली नेहमीच्या आठवड्यातील काम, जाणे-येणे आणि फावला वेळ यांविषयी निरनिराळे विचारते. मध्यम श्रमाच्या मिनिटांना 4 ने व भारी श्रमाच्या मिनिटांना 8 ने गुणतात. स्वस्थ बसलेल्या शरीराच्या साधारण किती पट शक्ती खर्च झाली, याचे हे आकडे. आठवड्यास बेरीज 600 भरावी, अशी अपेक्षा असते.

आता एखाद्या गृहिणीस विचारा. ती चटकन म्हणेल, "छे, व्यायामाला वेळ कुठला?" वस्तुतः या प्रश्नावलीत घरकाम हेही कामच आहे. पाण्याचा हंडा, धुणे, फरशी पुसणे, सारे त्यात येते. अडचण अशी, की सलग 10 मिनिटे चाललेलेच श्रम मोजावेत, अशी तिची अट. आणि घरकाम तर तुकड्यातुकड्यांनी होते. श्रम थोडा वेळ झाले तरी हिताचेच, असे संघटनेने 2020 साली सांगितले.

2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय पाहणीत हीच प्रश्नावली वापरली होती. तामिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड व चंडीगड येथील 54.4 टक्के प्रौढ निष्क्रिय आढळले, आणि त्यात पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक. हे वाचताना मला तो हंडा आठवल्यावाचून राहत नाही.

पाहणी करणारा दारी आला, तर "आम्ही व्यायाम करीत नाही" म्हणून त्याची बोळवण करू नका. काय उचलले, काय वाहिले ते आठवून सांगा. चालण्यातून गप्पा वजा करा. त्याच्याजवळ बहुधा चित्रांची पत्रकेही असतात. ती पाहावयास मागा.