अंबाडीचा वाख, भेंडीचा बुळबुळीत रस आणि जपानी कागद

जपानमध्ये कात्रीशिवाय चित्र करण्याची एक कला आहे, चिगिरी-ए. रंगवलेला वाशी, म्हणजे जपानी हातकागद, हाताने फाडायचा आणि तुकडे खळीने चिकटवून डोंगर, धुके, फुले उभी करायची. फाडण्याआधी ओल्या कुंचल्याने रेघ ओढतात. कागदातले धागे हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून असतात. पाणी शिरले की हे बंध सैल होतात आणि धागे तुटण्याऐवजी अख्खे सुटून येतात. फाटल्या कडेला लव दिसते आणि चित्रात तिचेच धुके होते.

वहीच्या कागदाला अशी लव येत नाही. लाकडाच्या लगद्यातला धागा साधारण १ ते ३ मिलिमीटरचा असतो. वाशीचा मुख्य कच्चा माल कोझो, म्हणजे कागदी तुतीची आतली साल. तिचा धागा सहज ६ ते १० मिलिमीटर भरतो. साल राखेच्या किंवा सोड्याच्या पाण्यात उकळली की धाग्यांना जखडणारे लिग्निन बरेचसे निघून जाते. मग ती कापत नाहीत, कुटतात. धाग्याची लांबी शाबूत राहते, म्हणून पातळ वाशीही चिवट असते. कोची प्रांतात बनणारा सर्वांत पातळ तेंगुजो कागद चौरस मीटरला अवघा १.६ ग्रॅम भरतो! १९६६ च्या पुरात फ्लॉरेन्समधली लाखो पुस्तके भिजली, तेव्हापासून जुन्या ग्रंथांची फाटकी पाने सांधायला जगभर जपानी कागद अधिकच वापरला जाऊ लागला.

पण लांब धाग्याची एक अडचण असते. पाण्यात त्याचे गोळे होतात. त्यावरचा जपानी कारागिरांचा उपाय मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. तोरोरो-आओई नावाच्या झाडाची मुळे ठेचून त्यांचा बुळबुळीत रस ते लगद्याच्या हौदात घालतात. हे झाड आपल्या भेंडीच्याच प्रजातीतले, तिची सख्खी बहीण. रस डिंकाचे काम करत नाही. तो पाणी दाट करतो, धागे सुटे तरंगत ठेवतो आणि चाळणीतून पाणी हळू गळू देतो. तेवढ्या वेळात कारागीर साचा मागेपुढे हलवून थरावर थर चढवतो. ओले ताव मध्ये कापड न घालता एकावर एक रचले तरी नंतर सुटे होतात. आपल्याकडे गुऱ्हाळावर भेंडीचा रस मळी गोळा करायला घालतात. कागदाच्या हौदात तिच्या बहिणीचा रस धाग्यांना गोळा होऊच देत नाही.

मराठवाड्याला हातकागद नवा नाही. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात चिंध्यांपासून कागद होत आला आहे. पण मराठवाड्यातल्याच हिमायतनगरच्या मुलांना वाशीची कला शिकवायची तर मी सुरुवात अंबाडीपासून करीन. बांधावरच्या अंबाडीचा पाला भाजीत जातो आणि सोट भिजवून काढलेल्या वाखाचे दावे, कासरे वळले जातात. वाखही सालीचाच धागा आहे, आणि अंबाडीचे कूळ भेंडीचेच.

वाख बोटाच्या पेराएवढा कापून, मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली, धुण्याच्या सोड्यात मऊ होईपर्यंत शिजवावा. भरपूर पाण्याने धुऊन मोगरीने कुटावा. टबातल्या पाण्यात तो आणि भेंड्या ठेचून गाळलेला रस घालून लाकडी चौकटीला ताणलेल्या बारीक जाळीने ताव उचलावा. कोझोइतका मऊ, उजळ कागद मिळणार नाही. अंबाडीत लिग्निन अधिक आणि मूळ धागा सरासरी अडीच मिलिमीटरचाच. कागद तपकिरी, खरबरीत होईल. फाडचित्रातल्या पैनगंगेच्या काठाला, सहस्रकुंड धबधब्याच्या कातळाला मात्र तोच रंग हवा.

हे काम पौषात करावे. उष्णतेने रसाचा बुळबुळीतपणा लवकर ओसरतो, म्हणून जपानी कागदकरीही थंडीचेच दिवस धरतात. अंबाडीचा वाखही तोवर सुकून घरात आलेला असतो.