बिनसलेले जुळवण्याची कला

चारचौघांत मिसळणे, दुसऱ्याचे मन ओळखणे, कोणाला न दुखावता आपले म्हणणे सांगणे आणि बिनसलेच तर पुन्हा जुळवून घेणे, या साऱ्यांना मिळून सामाजिक कौशल्ये म्हणतात. पालकांचा भर बहुधा पहिल्या तिन्हींवर असतो. मुलाने पाहुण्यांशी बोलावे, स्टेजवर अडखळू नये, शाळेत चार मित्र करावेत. चौथ्याकडे लक्ष जाते ते भांडण झाल्यावर, आणि तेही ‘सॉरी म्हण त्याला’ एवढ्यापुरतेच. मुलांवरचे आणि दांपत्यांवरचे गेल्या पन्नास वर्षांतले संशोधन पाहिले, तर नात्याचा कस लागतो तो नेमका या चौथ्या ठिकाणी.

हे शिक्षण बोलता येण्याच्या कितीतरी आधी सुरू होते. एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात केलेला ‘निश्चल चेहऱ्या’चा प्रयोग प्रसिद्ध आहे. आई आपल्या काही महिन्यांच्या बाळाशी नेहमीसारखी खेळते आणि मग दोन-तीन मिनिटे चेहरा कोरा ठेवून नुसती पाहत राहते. बाळाला बदल लगेच कळतो. ते हसून पाहते, हात पुढे करते, आवाज काढते. कशाचाच उपयोग होत नाही म्हटल्यावर तोंड फिरवते, रडू लागते. आई पुन्हा बोलू लागली की सावरते. ट्रॉनिक यांच्या कामाचा याहून महत्त्वाचा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. अगदी छान चाललेल्या खेळातही आई आणि बाळ यांचा सूर जेमतेम ३० टक्के वेळ जुळलेला असतो. बाळ हसते तेव्हा आईचे लक्ष दुसरीकडे असते, आई गुदगुल्या करते तेव्हा बाळाला त्या नको असतात, आणि क्षणभराने दोघे पुन्हा एकमेकांना सापडतात. चुकामूक होते आणि ती निस्तरताही येते, हा भरवसा मूल इथे कमावते. बाळापुढे सदैव प्रसन्न राहण्याचे ओझे घेतलेल्या आयांना एवढी माहिती दिली, तरी अर्धा ताण हलका होईल.

दोन-तीन वर्षांची मुले शेजारी बसून खेळतात, पण एकत्र खेळत नाहीत. प्रत्येकाची गाडी वेगळी, रस्ता वेगळा. मिल्ड्रेड पार्टेन यांनी मिनेसोटा विद्यापीठात केलेल्या आणि १९३२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या ‘समांतर खेळा’ची नोंद आहे. या वयात खेळणे वाटून न घेणारे मूल स्वार्थी नसते, त्याची अजून तेवढी तयारी झालेली नसते. चौथ्या वर्षाच्या आसपास मोठा बदल होतो. हाइन्झ विमर आणि जोसेफ पेर्नर यांनी १९८३ मध्ये मुलांना एक गोष्ट सांगितली. मॅक्सी चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो, त्याच्यामागे आई ते दुसऱ्या कपाटात हलवते. परत आल्यावर मॅक्सी कुठे शोधेल? लहान मुले चॉकलेट खरोखर जिथे आहे ते कपाट दाखवतात. थोडी मोठी झालेली मुले मॅक्सीने ठेवले होते ते पहिले कपाट दाखवतात. दुसऱ्याच्या डोक्यात आपल्यापेक्षा वेगळे, प्रसंगी चुकीचेही काही असू शकते, हे त्यांना उमगलेले असते. ‘त्याला काय वाटेल याचा विचार कर’ हे वाक्य त्याआधी ऐकवणे जवळजवळ वाया जाते.

पुढची शाळा अंगणात, गल्लीत किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये भरते. लपंडाव रंगला आहे आणि नुकताच राहायला आलेला मुलगा कडेला उभा आहे. चालू खेळात शिरणे हे बालपणातले फार अवघड काम. मार्था पुटालाझ आणि जॉन गॉटमन यांनी १९८१ च्या अभ्यासात हेच क्षण टिपले. नावडती मुले येताच स्वतःबद्दल बोलू लागत, प्रश्न विचारत, चाललेल्या खेळात खोट काढत, आणि इतर मुले त्यांच्याकडे दुर्लक्ष करत. आवडत्या मुलांना खेळाचा रोख आधी समजे. मग त्याला धरूनच ती काही बोलत किंवा करत आणि नकळत आत येत. धीटपणाशी याचा संबंध थोडाच. हे निरीक्षणाचे काम आहे. ‘जा ना, विचार त्यांना, मला घ्या म्हणून’ असे ढकलण्यापेक्षा ‘कोणावर राज्य आहे, काय खेळतायत ते आधी बघू’ असे म्हणत दोन मिनिटे मुलासोबत उभे राहणारा पालक अधिक उपयोगी पडतो.

मराठी मुलांच्या खेळांत या शिक्षणाची सोय पूर्वापार आहे, आणि ती कोणा तज्ज्ञाने केलेली नाही. धाकट्या भावंडाला ‘लिंबूटिंबू’ म्हणून घेतात; त्याच्यावर राज्य येत नाही, पण ते खेळाबाहेरही राहत नाही. राज्य कोणावर हे चकून ठरते, त्यामुळे मोठ्याची दादागिरी थोडी तरी आवरते. बुटाची नाडी सुटली की ‘टॅम्प्लीज’ म्हणून डाव थांबवता येतो, त्याचा गैरफायदा घेणाऱ्याला ‘रडीचा डाव’ ऐकून घ्यावा लागतो. कट्टी फार तर संध्याकाळपर्यंत टिकते, कारण खेळायला गडी कमी पडतात. तासाच्या हिशेबाने भरणाऱ्या शिबिरांत आणि क्लासांत नियम आणि निवाडा दोन्ही ताईंकडे असतात. मूल तिथे चित्रकला, स्केटिंग शिकते. वाटाघाट शिकायला मात्र फारसा वाव उरत नाही.

काही मुलांची गाडी इथेच अडते. केनेथ डॉज यांनी १९८० पासून दाखवून दिले की मारकुटी मुले अनेकदा साध्या अपघातातही हेतू पाहतात. धक्का लागला की ‘मुद्दाम मारलं’ हा त्यांचा पहिला निष्कर्ष असतो. त्यांना मारून गप्प करता येते, पण त्याने तो निष्कर्ष पक्काच होतो. ‘त्याने मुद्दाम केलं हे तुला कशावरून वाटलं? दुसरं काय झालं असेल?’ असे पुन्हा पुन्हा विचारणे कंटाळवाणे असले, तरी औषध तेच आहे. याउलट, एकदोन मित्रांत रमणाऱ्या अबोल मुलाची घरात जेवढी काळजी होते, तेवढी बहुधा गरज नसते. इतर मुले ज्याला उघडपणे टाळतात, त्याच्याकडे आधी पाहायला हवे.

मोठ्यांची भांडणे हा मुलांचा आणखी एक वर्ग. मार्क कमिंग्ज यांच्या अभ्यासांत मुलांना मोठ्यांचे वाद दाखवण्यात आले. वाद मिटलेला पाहिला की मुलांचा ताण बराच उतरे, अर्धवट सुटलेला वाद त्यांना अस्वस्थ ठेवी. मुलांसमोर कधीच भांडायचे नाही, हा नियम त्यामुळे अपुरा ठरतो. आवाज दिवाणखान्यात चढतात आणि समेट बंद दाराआड होतो, म्हणजे मुलाला पहिला अंक दिसतो, शेवटचा नाही. अबोल्यात तर मूल निरोप्या बनते. ‘तुझ्या बाबांना सांग, पान वाढलंय.’ बाबा दोन हातांवर बसलेले असतात. मोठ्यांना यात गंमत वाटत असेल. मुलाला दोन्हीकडचे चेहरे सांभाळावे लागतात.

मुलांच्या खेळाचा अभ्यास करणारे गॉटमन पुढे दांपत्यांकडे वळले. वॉशिंग्टन विद्यापीठातील प्रयोगशाळेत त्यांनी जोडप्यांना घरासारखे राहू दिले आणि बारीकसारीक गोष्टी नोंदवल्या. ‘अहो, बघा ना, पाऊस केवढा आलाय,’ यावर खिडकीकडे पाहणे किंवा मोबाइलमधून मान वर न काढता ‘हं’ म्हणणे, अशा त्या गोष्टी होत्या. त्यांच्या सांगण्यानुसार, सहा वर्षांनंतर एकत्र असलेल्या जोडप्यांनी जोडीदाराच्या अशा हाकांना ८६ टक्के वेळा प्रतिसाद दिला होता. विभक्त झालेल्यांत हे प्रमाण ३३ टक्के होते. घटस्फोटाचे भाकीत करता येते या त्यांच्या दाव्यावर टीका झाली आहे, आणि ती रास्त आहे. एक निरीक्षण मात्र रोजच्या अनुभवाशी जुळते. टिकलेली जोडपीही भांडतात, आणि सुमारे ६९ टक्के वाद कधीच सुटत नाहीत: सासर-माहेर, पैसे, पसारा. फरक पडतो तो भांडणाच्या मध्येच कोणीतरी केलेल्या छोट्या माघारीने. रागाच्या भरात ‘चहा टाकू का?’ विचारणे ही तशीच माघार, आणि ‘टाक’ म्हणणे हेही कौशल्यच. टोमणा आणि तुच्छता मात्र ही वाटच बंद करतात.

मैत्रीचे गणित सरळ आहे. कॅन्सास विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांच्या २०१८ च्या अभ्यासानुसार, ओळखीचे जुजबी मैत्रीत रूपांतर व्हायला सुमारे ५० तास आणि जिवलग मैत्रीला २०० हून अधिक तास लागतात. नोकरीसाठी पुण्या-मुंबईत आलेल्या तिशीतल्या माणसाला नवे मित्र मिळत नाहीत, याचे कारण स्वभावापेक्षा बहुधा या तासांतच असते. संकोच हेच कारण असेल, तर अल्बर्ट एलिस यांचा खटाटोप आठवावा. विवेकनिष्ठ मानसोपचाराचे हे जनक मराठीत डॉ. कि. मो. फडके यांच्या लेखनातून आणि अंजली जोशी यांच्या ‘मी अल्बर्ट एलिस’ या कादंबरीतून परिचित आहेत. एकोणिसाव्या वर्षी मुलींशी बोलायची भीती घालवण्यासाठी त्यांनी न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानात महिनाभर बाकांवर एकट्या बसलेल्या शंभराहून अधिक स्त्रियांशी संभाषण सुरू केले. भेटीचे कबूल फक्त एकीने केले, आणि ती आली नाही. एलिस यांची भीती मात्र गेली. नकाराने आभाळ कोसळत नाही, हे त्यांनी स्वतःवरच पडताळून पाहिले होते.

या साऱ्याला दोन मर्यादा आहेत. स्वमग्न मुलाला नजरेतले, सुरातले संकेत सहज कळत नाहीत. त्याला ते टप्प्याटप्प्याने, उघड शब्दांत शिकवावे लागतात आणि इतरांनीही त्याची पद्धत समजून घ्यावी लागते. दुसरी मर्यादा अधिक गंभीर. जिथे मारहाण, धाक किंवा लैंगिक छळ आहे, तिथे जुळवून घेण्याचा सल्ला घातक ठरतो. समेटानंतर पुन्हा मारहाण आणि पुन्हा माफी, हे चक्र म्हणजे वर सांगितलेली माघार नव्हे. अशा वेळी मुलांसाठी १०९८, स्त्रियांसाठी १८१ आणि मानसिक आरोग्याच्या सल्ल्यासाठी ‘टेलि-मानस’चा १४४१६ हे क्रमांक उपलब्ध आहेत. घरगुती हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदा शारीरिक मारहाणीबरोबरच मानसिक आणि आर्थिक छळालाही लागू होतो.