विश्वाच्या आमटीतला मिठाचा खडा

कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाट ओलांडला की जुन्नर तालुका लागतो. या वाटेच्या दोन्ही अंगांना आकाशातल्या रेडिओलहरी टिपण्याचा उद्योग झाला आहे, हे एस.टी.तल्या किती उतारूंना ठाऊक असेल? १९६५ साली डॉ. गोविंद स्वरूप यांनी कल्याणजवळ सहा-सहा फुटी बत्तीस तबकड्या मांडून सूर्याचा वेध घेतला. पुढे त्यांच्याच पुढाकाराने घाटापलीकडे खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची दुर्बीण उभी राहिली.

त्याच १९६५ साली अमेरिकेत पेन्झियस व विल्सन यांनी चहूदिशांनी सारखीच येणारी एक मंद खरखर जाहीर केली. ती होती विश्वाच्या बालपणीची ऊब! निवत निवत ती आता निरपेक्ष शून्याच्या वर अवघी २.७२५ अंश उरली आहे. आपल्या आकाशकंदिलावरही ती अहोरात्र पडत असते.

१९८९ साली सोडलेल्या ‘कोबे’ उपग्रहाने तिचा वर्णपट मोजला. आलेख प्लांकच्या सूत्राबरहुकूम निघाला. फरक असलाच तर लाखात पाच भागांहून कमी.

मुरबाडच्या एका शाळेत मी हे सांगत होतो, तेव्हा शहापूरहून आलेल्या एका मुलीने विचारले, “सर, आलेख जुळला ना? मग पुन्हा मोजायचे कशाला?”

प्रश्न बिनतोड होता. मी तिला आमटीचा दाखला दिला. आमटी खळखळत असताना घातलेले मीठ विरघळते. उतरवल्यावर घातले तर खडा दाताखाली येतो. विश्वाच्या पहिल्या सुमारे दोन महिन्यांत पडलेली जादा उष्णता अशीच मुरून गेली. नंतरची मात्र वर्णपटाला किंचित बाक देऊन गेली. सुन्याएव्ह व झेल्दोविच या रशियन शास्त्रज्ञांनी हे १९७०च्या सुमारासच दाखवले होते. आरंभीच्या ध्वनिलहरी विरताना सुटलेली उष्णता, कदाचित एखाद्या अज्ञात कणाचा क्षय, यांची नोंद त्या बाकातच सापडेल. एरवी पहिल्या पावणेचार लाख वर्षांवरचा पडदा प्रकाशाला भेदता येत नाही.

बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी ‘अप्सरा’ नावाची योजना मांडली आहे. पहिले अणू जुळताना उठलेले, अब्जात काही भागांएवढे तरंग तिला टिपायचे आहेत. त्यासाठी हवी रेडिओ-शांतता. मोबाइलचा एक मनोरा त्या तरंगांना सहज बुडवतो.

ती मुलगी म्हणाली, “म्हणजे खडा अजून कुणाच्या दाताखाली आलाच नाही!”

नाही. जागा रिकामी आहे, मुली.