मेसेज पुढे गेला, बाई तपासणीला गेलीच नाही

४ फेब्रुवारी हा जागतिक कर्करोग दिन. त्या दिवशी आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या ढोकीतला कोणताही व्हॉट्सअॅप ग्रुप उघडा. तो दहावीच्या जुन्या वर्गमित्रांचा असो, बचत गटाचा असो की ऊस उत्पादकांचा, सकाळपासून रिबिनीचं तेच चित्र फिरत असतं आणि खाली ‘जास्तीत जास्त शेअर करा’ अशी विनंती असते. कॅन्सरच्या रुग्णांसाठी आपण काय करतो असं कुणाला विचारलं, तर उत्तर ठरलेलं असतं : “जनजागृती करतो की! आलेला प्रत्येक मेसेज पुढे पाठवतो.”

हा गैरसमज मी शिक्षकांकडून ऐकला आहे, सरपंचांकडून ऐकला आहे, नर्सिंग शिकणाऱ्या मुलींकडूनही ऐकला आहे. तो निरुपद्रवी असता तर सोडून दिला असता. पण मेसेज पाठवल्यावर माणसाला काहीतरी केल्याचं समाधान मिळतं आणि जे खरंच करायला हवं होतं ते राहून जातं. २०१४ मध्ये ‘सोशिऑलॉजिकल सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सुदानमधल्या डार्फरच्या पीडितांसाठी फेसबुकवर एक मोहीम निघाली होती आणि तिच्यात जवळपास १२ लाख लोक सामील झाले होते. त्यांतल्या ९९.७६ टक्के लोकांनी मोहिमेला कधीच पैसे दिले नाहीत. ७२ टक्के लोकांनी तर दुसऱ्या एकाही माणसाला आत आणलं नाही. नाव नोंदवलं, तिथेच त्यांचं काम संपलं.

यावर कुणीतरी बर्फाच्या पाण्याच्या बादलीचं उदाहरण देतं. ते खरं आहे. त्याच २०१४ च्या उन्हाळ्यात एएलएस या मज्जासंस्थेच्या आजारासाठी अमेरिकेतल्या एका संस्थेकडे ११.५ कोटी डॉलर जमले आणि तेही मोबाइलवरच्या व्हिडिओंमुळे. पण त्या व्हिडिओत काय होतं ते आठवा. डोक्यावर बादली ओतणारा माणूस ओळखीच्या लोकांची नावं घेऊन सांगायचा, की चोवीस तासांत तुम्ही हे करा, नाहीतर देणगी द्या. त्यात नाव होतं, मुदत होती आणि करायची कृती होती. आपल्या रिबिनीच्या चित्रात यातलं काहीच नसतं.

पण एवढ्या लांब जायची गरजच नाही. जनजागृती कशी होते याचा जगभर वाचला गेलेला पुरावा आपल्याच जिल्ह्यातला आहे आणि आपल्यालाच तो माहीत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

१९८७ साली शेजारच्या बार्शीत देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी आणि आपले परंडा, भूम असे तीन तालुके तिच्यात होते. नोंदणीचे कर्मचारी गावोगाव जाऊन कुणाला कॅन्सर झाला आहे का, याची विचारपूस करायचे. शहरातल्यासारखी रुग्णालयांतली कागदपत्रं चाळून भागणार नव्हतं, कारण कितीतरी रुग्ण रुग्णालयापर्यंत पोचतच नव्हते. मग पारावर, ओसरीवर बसून बोलणं आलं. कोणती लक्षणं दिसली तर दवाखाना गाठायचा, हे त्या बोलण्यातच सांगितलं जायचं. १९९५ मध्ये या नोंदणीच्या संशोधकांनी शोधनिबंध प्रसिद्ध केला. गर्भाशयाच्या मुखाच्या, म्हणजे आपल्याकडच्या बाया ज्याला पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर म्हणतात त्याच्या, रुग्णांमध्ये लवकरच्या टप्प्यात सापडणाऱ्यांचा वाटा वाढला होता. कारण म्हणून त्यांनी वाढलेल्या जाणिवेकडे बोट दाखवलं. ही जाणीव समोरासमोरच्या बोलण्यातून आली होती.

त्यानंतर १९९९ पासून आपल्या जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, त्याच कॅन्सरच्या तपासणीचा त्याहून मोठा अभ्यास झाला. बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी तो केला. त्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया होत्या. त्याआधी अशी तपासणी झालेल्या बाया त्यांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच निघाल्या. आरोग्यसेविका घरी गेल्या, प्रत्येकीशी बोलल्या, तपासणीचं आमंत्रण दिलं. या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी ज्या गटाला देऊ केली होती, त्या गटातल्या दर दहांपैकी जवळपास आठ जणी तपासणीला आल्या. कष्टकरी, बहुतेक कधी शाळेत न गेलेल्या, असल्या तपासणीचं नावही न ऐकलेल्या बाया आल्या. निष्कर्ष २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आले. तपासणी न झालेल्या गटाच्या तुलनेत या गटात त्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे होते. एका गटाला तपासणीशिवाय ठेवलं, यावर पुढे टीका झाली आणि ती मला रास्त वाटते. पण ‘आपल्याकडच्या बायका ऐकत नाहीत’ हे वाक्य या अभ्यासानंतर धाराशिव जिल्ह्यात तरी कुणी उच्चारू नये. त्यांना घरी जाऊन कुणी सांगितलं, तेव्हा त्या आल्या.

‘जनजागृतीला मोठा माणूस लागतो, नट लागतो’ हाही समज तसाच. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतल्या गावागावांत महिला मंडळांतल्या बायांना ‘संवाद सहाय्यक’ म्हणून नेमलं होतं. भूकंपात टिकणारं घर कसं बांधायचं, सरकारी मदत कशी मिळवायची, हे त्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना समजावलं. प्रेमा गोपालन यांची ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ ही संस्था त्यामागे होती. २००१ मध्ये गुजरातला भूकंप झाला तेव्हा इथल्या बाया कच्छमध्ये जाऊन तिथल्या बायांना अनुभव सांगून आल्या. त्यांच्यात कुणी प्रसिद्ध नव्हतं.

‘मोठे आकडे सांगितले की लोक पेटून उठतात.’ उठत नाहीत. २००७ च्या एका अमेरिकी प्रयोगात उपासमारीचे आकडे वाचलेल्यांनी सरासरी १.१४ डॉलर दिले, तर एकाच मुलीची हकीकत वाचलेल्यांनी २.३८. मुलीच्या हकीकतीला आकडे जोडले तेव्हा रक्कम पुन्हा घसरली.

‘थोडी भीती घातलीच पाहिजे.’ या समजापुढे मला शांत राहता येत नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगार बायांच्या पिशव्या काढल्या गेल्या. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे सर्वेक्षणाचे आकडे आले : ८२ हजारांवर बायांमध्ये १३ हजारांहून अधिक जणींची शस्त्रक्रिया झालेली. अंगावरून पांढरं जातं एवढ्या तक्रारीवर ‘पिशवी ठेवलीत तर कॅन्सर होईल’ असं ऐकल्याचं कित्येक जणींनी सांगितलं. कॅन्सर हा शब्द घरोघर पोचला होता, पण साधी तपासणी असते हे कुणी पोचवलं नव्हतं. आपल्याही टोळ्या फडावर जातात, म्हणून ‘सावध राहा, नाहीतर’ छापाचे मेसेज पाठवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

काही गैरसमज एकेका ओळीचे. रुग्णाचा फोटो टाकला की मदत येते म्हणून तो खुशाल टाकावा, असं नाही. आधी रुग्णाची परवानगी हवी आणि मदत पुरी झाल्यावर तो काढायला हवा. पावतीपुस्तक छापून कुणीही वर्गणी गोळा करावी, असं नाही. सार्वजनिक वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी लागते. ‘हा बायकांचा आजार, पुरुषांचा काय संबंध?’ एचपीव्ही विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, तेव्हा संबंध आहेच. शिवाय तपासणीच्या दिवशी तिची मजुरी बुडाली तरी चालेल असं म्हणणारा नवरा हवा असतो.

मग करायचं काय? वर्षाच्या रिबिनीऐवजी एका बाईला दवाखान्यात न्यायचं. सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची ही तपासणी दर पाच वर्षांनी व्हायची असते. सौम्य अॅसिटिक अॅसिड, म्हणजे व्हिनेगरच्या जातीचं द्रावण, लावून गर्भाशयाचं तोंड डोळ्यांनी पाहतात. चिरफाड नाही, काही मिनिटांत होतं. काही डाग दिसला तरी तो कॅन्सरच असतो असं नाही. कॅन्सर होण्याआधीचे बदल बहुधा दहा-पंधरा वर्षं घेतात, म्हणून तर वेळेत उपचार होतात. हे सगळं हळदीकुंकवाला पाच मिनिटांत सांगता येतं. तेरला गोरोबाकाकांच्या यात्रेत फलक लावण्यापेक्षा तिथे आशाताईंना टेबल मांडून बसवा आणि येणाऱ्या बाईचं नाव, गाव, जायची तारीख लिहून घ्या. टोळ्या कारखान्यावर निघण्याआधी मुकादमाच्या बायकोशी बोला. तिचा शब्द टोळीत चालतो.

आणि बरोबर जा. अनेक जणी पहिल्या तपासणीला येतात. दोष दिसल्यावर बार्शीला किंवा लातूरला जायची वेळ येते, तेव्हा गळतात. एसटीचं भाडं, घरची कामं, सोबत कोण, हे तिचे खरे प्रश्न असतात. म्हणून बचत गटाच्या वहीत तीन रकाने ठेवा : तपासणी झाली, पुढे पाठवलं, पोचली. तिसरा रकाना भरल्याशिवाय ते पान बंद करू नका.